येणे बाकी

पलूसच्या अलीकडं, कारखान्याच्या तिसऱ्या गेटला
काट्याची केबिन. पत्र्याची, एका खिडकीची.
छतावर पाईप, पाईपला पांढरी थाळी,
थाळीचं तोंड हेड ऑफिसच्या गच्चीकडं.
मधे साडेचारशे मीटर आवार, धूर, मळीचा वास.

तक्रार अशी: वजन पोचत नाही.
रोज नाही. सगळ्यांचं नाही.
पण गावात एकदा असं बोललं गेलं की
काटा आणि काट्यावाला
एकाच दाव्याला बांधले जातात.

भूपाल मगदूम, बावीस गळीत हंगाम याच स्टुलावर.
म्हणाले, "ताई, मी एक किलो इकडचा तिकडं केला न्हाई."
मी म्हटलं, तुमचा काटा बघायला नाही आले.
मधली हवा मोजायला आलेय.

लॅपटॉप उघडला. काळी खिडकी.
एक शब्द, एक पत्ता, एंटर.
तीन मिलिसेकंद.
तीन. चार. तीन. तीन.
"ह्यो काय मंत्र?"
हाक आहे, म्हटलं. इथून हाक मारायची,
गच्चीवरच्या डब्यानं ओ द्यायची,
मधला वेळ लिहून घ्यायचा.
"आणि ओ न्हाई आली तर?"
दोन सेकंद थांबायचं. मग गेली समजायची.
"दोन सेकंदांत?
आमच्यात तेवढ्यात माणूस चप्पलबी शोधत न्हाई.
रात्रीच्या पहिल्या हाकेला तर
आई ओ द्यायचीच न्हाई.
तिसरी ऐकल्याबिगर कडी काढायची न्हाई."

मग आयपर्फ. दुसरा लॅपटॉप गच्चीवर ठेवून आले होते,
तो तिकडं नुसता ऐकत बसलेला.
इथून दहा सेकंद वाहील तेवढं ओतायचं,
पोचलं किती ते त्याला विचारायचं.
डब्यावर छापलंय दीडशे. भरलं एक्केचाळीस.
मगदूम पहिल्यांदा हसले:
"म्हंजे काटा तुमच्यातबी मारत्यात."

तरी एक्केचाळीस पुष्कळ होते.
वजन म्हणजे काय, पाच आकडे, गाडीचा नंबर, वेळ.
चिठ्ठी न्यायला दहाचाकी ट्रक.
मग अडतंय कुठं?

हाका चालू ठेवल्या, सेकंदाला एक.
साडेअकरा वाजले. रांग पार हायवेपर्यंत,
ट्रॅक्टरांवरचे स्पीकर एकमेकांवर ओरडत.
गाडी भरलेली येते, रिकामी जाते,
मधल्या फरकाला ऊस म्हणतात,
हे मला मगदूमांनी त्या रात्री शिकवलं.
रिकामी ट्रॉली काट्यावर चढली: तीन, तीन, चार.
उतरली.
मग दऱ्याप्पाची जोडट्रॉली,
ऊस असा रचलेला की गेटावरची वायर
काठीनं उचलून धरावी लागली.
पुढची चाकं काट्यावर. सहा.
मागची. बावीस. एकशे ऐंशी.
मग ओळच येईना.

काट्याचा आकडा हलत हलत थांबला,
सव्वीस टन तीनशे चाळीस,
मगदूमांनी बटण दाबलं
आणि नेमकं तेव्हाच पलीकडं कुणी नव्हतं.

खिडकीतून मान काढून वर बघितलं.
थाळी आणि गच्ची यांच्यामधे
ऊस आडवा.
बावीस हंगाम ज्याला मोजलं
त्यानंच तोंडावर हात धरलेला.

सकाळी शौकत वेल्डरनं
भंगारातला सात फुटी पाईप जोडला.
थाळी वर गेली, वाऱ्यात जरा डुलली, ताण दिल्यावर गप झाली.
दऱ्याप्पा पुन्हा आला, तेवढाच उंच.
तीन. तीन. चार. तीन.

पाच मिनिटं सोडून दिलं. मगदूम हिशेब बघत राहिले:
हाका तीनशे, ओ दोनशे नव्व्याण्णव.
"ती एक?"
अशी एखादी जातेच, मी वायर गुंडाळत म्हटलं.
त्यांना ते पटलं नाही.
रजिस्टर ओढलं, पेन झटकलं,
शेऱ्याच्या रकान्यात तारीख घालून लिहिलं:
एक ओ येणे बाकी.